एनबीए विजेतेपद

एनबीए विजेतेपद म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगचं जेतेपद. टोरंटोची एक टीम असल्यामुळे कॅनडाही त्यात येतो. हे जेतेपद आता साधारण जूनमध्ये ठरतं, म्हणजे आपल्याकडे ठाण्यात पाऊस सुरू होतो त्याच सुमारास. १९४७ पासून २०२५ पर्यंत ते ७९ वेळा दिलं गेलं आणि त्यातली ३५ फक्त दोन टीम्सकडे आहेत, बोस्टन सेल्टिक्स १८ आणि लॉस एंजेलिस लेकर्स १७. त्यांच्यामागे गोल्डन स्टेट वॉरियर्स ७, शिकागो बुल्स ६, सॅन अँटोनियो स्पर्स ५. आज लीगमध्ये ३० टीम्स आहेत आणि त्यातल्या १० टीम्सनी अजून एकदाही कप उचललेला नाही.

ही यादी इतकी एकतर्फी का, हा प्रश्न नवीन बघणारा प्रत्येकजण विचारतो, कारण आपल्याला क्रिकेटची सवय. आयपीएलची फायनल एका रात्रीत संपते, टॉस, दव, एखादा कॅच सुटला की सगळं फिरतं. एनबीएत तसं होत नाही. आधी प्रत्येक टीम ८२ मॅच खेळते, मग १६ टीम्स प्लेऑफला जातात, तिथे चार राउंड आणि प्रत्येक राउंडमध्ये त्याच टीमशी जास्तीत जास्त ७ मॅच, चार आधी जिंकेल तो पुढे. म्हणजे चॅम्पियन व्हायला प्लेऑफमध्ये १६ मॅच जिंकाव्या लागतात. एवढ्या लांब रस्त्यावर नशीब फार वेळ साथ देत नाही. दुसरं म्हणजे कोर्टवर एका वेळी फक्त पाचजण असतात आणि चांगला प्लेअर ४८ मिनिटांपैकी पस्तीस-चाळीस मिनिटं खेळतो, अटॅकलाही तोच आणि डिफेन्सलाही तोच. त्यामुळे एक खरोखर मोठा माणूस टीममध्ये आला की ती टीम पाच-दहा वर्षं जिंकत राहते, आणि मग लीग बसून नियम बदलते. माझ्या मते विजेत्यांचा इतिहास वाचायची सगळ्यात चांगली पद्धत हीच, कोण जिंकलं बघायचं आणि त्याच्या आसपास कुठला नियम बदलला ते बघायचं.

सुरुवात

लीग ६ जून १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका होतं, १९४९ मध्ये दुसऱ्या एका लीगला सामावून घेतल्यावर एनबीए झालं, पण आधीच्या तीन सीझनचे विजेतेही एनबीएच्याच यादीत धरतात. पहिली चॅम्पियन १९४७ ची फिलाडेल्फिया वॉरियर्स, त्यांनी शिकागो स्टॅग्सना ४-१ हरवलं. दुसरी १९४८ ची बाल्टिमोर बुलेट्स, आणि ही टीम १९५४ मध्ये बंदच पडली, विजेत्यांच्या यादीतली बंद झालेली ही एकमेव टीम.

मग आले मिनियापोलिस लेकर्स. मिनेसोटा राज्य हजारो तळ्यांसाठी प्रसिद्ध, त्यावरून टीमचं नाव लेकर्स, तळ्यांवाले. १९६० मध्ये टीम लॉस एंजेलिसला गेली तरी नाव तेच राहिलं. ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो, मासुंदा, उपवन, कचराळी ही नावं रोजच्या बोलण्यातली, त्यामुळे इथल्या पोरांना हा किस्सा कळला की लेकर्स लगेच 'आपली' टीम होते, हे मी अनेकदा पाहिलंय. तर या लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, चष्मा लावून खेळणारा सहा फूट दहा इंचाचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर, आणि त्याच्या जोरावर १९४९ ते १९५४ मध्ये पाच टायटल. तो बास्केटखाली उभा राहिला की बाकीच्यांना काही सुचायचंच नाही म्हणून १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला. पुढे तसाच उंच विल्ट चेंबरलेन आला तेव्हा तोच पट्टा १९६४ मध्ये सोळा फूट झाला. आपल्या सोसायटीच्या कोर्टवर रिंगखाली जो रंगवलेला चौकोन असतो ना, त्याची रुंदी ही या दोन माणसांच्या उंचीची देणगी आहे.

चोवीस सेकंद

२२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिसला १९-१८ हरवलं. पूर्ण मॅचचा स्कोअर आहे हा, एका क्वार्टरचा नाही. मायकनच्या हातात बॉल जाऊ द्यायचा नाही म्हणून पिस्टन्स बॉल धरून नुसते उभे राहिले. त्या काळी हे चालायचं, आघाडी घेतली की बॉल फिरवत बसायचं, लोक कंटाळायचे. उपाय काढला तो सिरॅक्यूज नॅशनल्सचा मालक डॅनी बियासोन याने. त्याचा हिशोब अगदी किराणा दुकानातल्या वहीसारखा सरळ, बघायला मजा आली अशा मॅचमध्ये दोन्ही टीम्सचे मिळून साधारण १२० शॉट असतात, मॅच ४८ मिनिटांची म्हणजे २८८० सेकंद, भागाकार केला की २४. म्हणून २४ सेकंदात शॉट मारायचाच. १९५४-५५ च्या सीझनपासून हे घड्याळ लागलं आणि त्याच सीझनला चॅम्पियन कोण झालं तर बियासोनचीच सिरॅक्यूज, सातव्या मॅचमध्ये एका पॉइंटने, ९२-९१, समोर परत तीच फोर्ट वेन पिस्टन्स. मला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात सुंदर योगायोग वाटतो.

बोस्टन

१९५७ ते १९६९ या १३ सीझनमध्ये बोस्टन सेल्टिक्स ११ वेळा जिंकले, त्यातले १९५९ ते १९६६ सलग आठ. आठ सलग कुठल्याच टीमला नंतर जमलेलं नाही, जवळपासही कोणी गेलेलं नाही. या अकराच्या अकरा टीम्समध्ये बिल रसेल होता. तो फार पॉइंट काढणारा नव्हता, त्याचं काम डिफेन्स आणि रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं, ब्लॉक करताना बॉल प्रेक्षकांत भिरकावण्यापेक्षा आपल्याच माणसाकडे टोलवायचा आणि तिथून लगेच काउंटर सुरू. कोच रेड ऑरबॅकने १९५६ मध्ये त्याला मिळवण्यासाठी सेंट लुईस हॉक्सना दोन चांगले प्लेअर दिले, आणि १९५८ मध्ये हॉक्सनी त्याच दोघांना घेऊन बोस्टनला हरवलं, हॉक्सचं आजवरचं एकुलतं एक टायटल ते. १९६६ मध्ये ऑरबॅक कोच म्हणून थांबला तेव्हा रसेल प्लेअर-कोच झाला, एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, आणि तसाच त्याने १९६८ आणि १९६९ जिंकून दाखवलं. ज्या काळात त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना काही गावांत हॉटेलात जेवायला देत नव्हते तो हा काळ, हे विसरून नुसते आकडे वाचू नयेत.

१९६९ ची शेवटची मॅच जरा थांबून बघण्यासारखी आहे. सातवी मॅच लेकर्सच्या घरी, आणि लेकर्सच्या मालकाने जिंकल्यावर सोडायला हॉलच्या छताला जाळीत हजारो फुगे बांधून ठेवले होते. मॅच सुरू व्हायच्या आधीच बोस्टनच्या प्लेअर्सनी मान वर करून ते पाहिले. शेवटी १०८-१०६, बोस्टन जिंकलं, फुगे वरच राहिले. लेकर्सच्या जेरी वेस्टने त्या मॅचमध्ये ४२ पॉइंट, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास) केले आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब त्यालाच मिळाला. हरलेल्या टीममधल्या खेळाडूला तो किताब मिळाल्याचं आजपर्यंतचं हे एकमेव उदाहरण. मॅच हरून हातात बक्षीस घेऊन उभं राहायचं म्हणजे काय वाटत असेल.

सत्तरचं दशक याच्या अगदी उलट, दहा वर्षांत आठ वेगळे चॅम्पियन. एक कारण म्हणजे १९६७ पासून एबीए (अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन) नावाची दुसरी लीग प्लेअर पळवत होती. ती १९७६ मध्ये बंद झाली आणि नेट्स, नगेट्स, पेसर्स, स्पर्स या चार टीम्स एनबीएत आल्या. एबीएने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक तो लाल-पांढरा-निळा बॉल, जो ठाण्यात खेळाच्या दुकानांबाहेर जाळीत टांगलेला अजूनही दिसतो आणि घेणाऱ्याला तो कुठून आला माहीत नसतं. दुसरी थ्री पॉइंट लाइन, जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला दोनऐवजी तीन पॉइंट, ती एनबीएने १९७९-८० पासून घेतली.

त्याच सीझनला मॅजिक जॉन्सन लेकर्सकडे आणि लॅरी बर्ड बोस्टनकडे आले. ऐंशीच्या दशकातल्या दहाही फायनलमध्ये या दोनपैकी निदान एक टीम होती, लेकर्स पाचदा जिंकले, बोस्टन तीनदा. १९८० ची निर्णायक मॅच तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लाइव्ह न दाखवता रात्री उशिरा रेकॉर्डिंग लावलं होतं, आणि त्या मॅचमध्ये विशीतल्या मॅजिकने जखमी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी सेंटरवर सुरुवात करून ४२ पॉइंट काढले. मग डेट्रॉइट पिस्टन्स दोनदा, आणि नंतर मायकल जॉर्डनचे बुल्स, १९९१ ते १९९३ तीन आणि १९९६ ते १९९८ तीन. मधल्या दोन वर्षांत, जॉर्डनने काही काळ खेळ सोडला होता तेव्हा, ह्यूस्टन रॉकेट्स. १४ जून १९९८ ला युटामध्ये ५.२ सेकंद बाकी असताना त्याने मारलेला शॉट, ८७-८६, आपल्याकडे ज्यांनी एकही पूर्ण मॅच पाहिली नाही त्यांनीही तो फोटो पाहिलेला असतो. बुल्सची लाल टोपी तेव्हापासून रस्त्यावरच्या टपऱ्यांवर जी आली ती गेलीच नाही.

पत्ता बदलतो, टायटल सोबत जातं

यादी वाचताना गोंधळ होतो तो टीम्सच्या गावांमुळे. फिलाडेल्फिया वॉरियर्स तेच आजचे गोल्डन स्टेट, सिरॅक्यूज नॅशनल्स तेच आजचे फिलाडेल्फिया सेव्हंटी सिक्सर्स, रोचेस्टर रॉयल्स तेच आजचे सॅक्रामेंटो किंग्ज. नौपाड्यात जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते, टॉवर उभा राहतो, निम्मी माणसं नवीन येतात, पण सोसायटीचा रजिस्टर नंबर तोच राहतो, तसंच हे. सिॲटलने १९७९ मध्ये जिंकलेलं टायटल टीम २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेल्यामुळे आता थंडरच्या खात्यात धरतात. सिॲटलच्या लोकांना ते कधीच पटलेलं नाही आणि मला त्यांचं बरोबर वाटतं.

१९९९ नंतर

स्पर्स १९९९ ते २०१४ मध्ये पाचदा, पाचही वेळा टिम डंकन टीममध्ये. लेकर्स २००० ते २००२ सलग तीन आणि परत २००९, २०१०. २०१५ पासून स्टेफ करीचे वॉरियर्स आले आणि थ्री पॉइंटर हा खेळाचा मुख्य शॉट झाला, त्यांची चार टायटल त्यावरच उभी आहेत. पण त्यांचीच २०१६ ची हारही तेवढीच लक्षात राहते, सीझनमध्ये ७३ मॅच जिंकलेली टीम, फायनलला ३-१ पुढे, आणि क्लीव्हलँडने तिथून सलग तीन जिंकल्या. फायनलमध्ये ३-१ वरून परत आलेली ती पहिली टीम. सातवी मॅच आपल्याकडे सोमवारी २० जूनला पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झाली. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन बोर्डवर दाबलेला तो ब्लॉक ठाण्यातल्या कित्येकांनी ऑफिसला निघायच्या गडबडीत, चहाच्या डब्याला मोबाइल टेकवून पाहिलाय, कारण फायनलच्या मॅच इथे पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान सुरू होतात आणि शेवटचा क्वार्टर नेमका लोकलच्या वेळेला येतो.

२०१९ ला टोरंटो रॅप्टर्स, अमेरिकेबाहेरची पहिली चॅम्पियन, मग लेकर्स (कोविडमुळे सीझनचा शेवट एकाच ठिकाणी बंदिस्त खेळला गेला), मिलवॉकी बक्स, वॉरियर्स, २०२३ ला डेन्व्हर नगेट्स पहिल्यांदाच, २०२४ सेल्टिक्स, २०२५ ओक्लाहोमा सिटी थंडर. सात वर्षांत सात वेगळे चॅम्पियन. सलग दोनदा जिंकणारी शेवटची टीम २०१७ आणि २०१८ ची वॉरियर्स. याला पगाराचे नियम बऱ्यापैकी कारणीभूत आहेत, १९८४-८५ पासून टीमच्या एकूण पगारावर मर्यादा आहे आणि २०२३ च्या करारानंतर ठराविक रकमेच्या वर गेलेल्या टीमला नवीन प्लेअर घेणं, ट्रेड म्हणजे प्लेअरची अदलाबदल करणं फार अवघड करून ठेवलंय, त्यामुळे जिंकलेली टीम एकत्र ठेवणंच कठीण झालंय. ट्रॉफीबद्दल एक सांगायचं राहिलं, तिला १९८४ पासून लीगचे माजी कमिशनर लॅरी ओब्रायन यांचं नाव आहे आणि ती फिरती नाही, दर वर्षी नवी बनते आणि जिंकणारी टीम ती कायमची ठेवते.

बायकांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये १९९७ पासून विजेतेपद आहे, पहिली चारही ह्यूस्टन कॉमेट्सनी जिंकली, आणि ती टीम २००८ नंतर बंद झाली.

मुंबईत

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन प्री-सीझन मॅच झाल्या, भारतातल्या एनबीएच्या पहिल्या मॅच. किंग्जचे मुख्य मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले. पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१, दुसरी १३०-१०६, दोन्ही पेसर्सनी जिंकल्या. विजेतेपदाच्या हिशोबात या दोन टीम्स तळाच्या, किंग्जकडे रोचेस्टरच्या काळातलं १९५१ चं एकच टायटल, आणि पेसर्सकडे एबीएची तीन पण एनबीएचं एकही नाही. तरी ठाणे, नवी मुंबईतून लोकलने दादर आणि तिथून टॅक्सी करून गेलेल्या पोरांनी एनबीए डोळ्यांनी पाहिली ती याच दोन टीम्सची, त्यामुळे पेसर्सवर इथे एक वेगळा जीव आहे.

२०२५ ला पेसर्स फायनलमध्ये थंडरसमोर ३-३ पर्यंत गेले. सातवी मॅच आपल्याकडे सोमवारी २३ जूनला पहाटे, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पाय धरून खाली बसला, अकिलीसला, म्हणजे टाचेमागच्या शिरेला, दुखापत झाली होती, तो जमिनीवर हात आपटत होता. थंडर १०३-९१ जिंकले. आमच्या कोर्टवर त्या संध्याकाळी पाऊस थांबल्यावर पोरं आली, रिंगखालचं पाणी झाडूने काढलं, आणि एकजण पेसर्सचा पिवळा टी-शर्ट घालूनच खेळला.