फ्लुरोसन्स प्रतिमातंत्र (मुखकर्करोग)

तोंडाच्या अस्तरावर निळा प्रकाश टाकून, उलट येणाऱ्या चमकेवरून कर्करोगाचा किंवा त्याच्या पूर्वावस्थेचा माग काढण्याची पद्धत. साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरच्या प्रकाशात अस्तराखालचे कोलॅजन (ऊतींना आधार देणारे तंतुमय प्रथिन) आणि पेशींतील काही द्रव्ये फिकट हिरवी चमकतात. पेशी बिघडू लागल्या की कोलॅजनची वीण मोडते, रक्तवाहिन्या वाढतात, हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते आणि तेवढी जागा काळपट दिसते.

नागपुरात ही तपासणी खर्र्याला वगळून समजत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून मिळणारा खर्रा गालात धरून ठेवला जातो. सुपारीमुळे अस्तराखाली तंतू साचतात (ओरल सबम्युकस फायब्रोसिस), गाल पांढुरका व ताठ होतो, आणि उभी तीन बोटेही तोंडात जाईनाशी होतात. अशा गालात कोलॅजनच वाढलेले असते, त्यामुळे हिरव्या-काळ्याचा नेहमीचा हिशेब बिघडतो. शिवाय अरुंद तोंडात मागच्या दाढेपर्यंत प्रकाश पोहोचवणेही कठीण. साधी सूज किंवा दातांखाली आलेला गालही काळा दिसतो. दातांवरचे कीटण तर जिवाणूंच्या पोर्फिरिन या रंगद्रव्यामुळे लालसर चमकते. निदान बायोप्सीनेच, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून तपासल्यावरच, होते. तुकडा नेमका कुठून घ्यावा हे सुचवण्यात या प्रकाशाचा खरा उपयोग आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा लाल चट्टा साध्या टॉर्चमध्ये दिसत असेल, तर यंत्रासाठी थांबू नये. शासकीय दंत महाविद्यालय गाठावे.

शस्त्रक्रियेत कापायच्या भागाच्या कडा ठरवण्यासाठीही हा प्रकाश वापरून पाहिला गेला, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत त्याने रोग उलटण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

तपासणीखेरीज प्रकाशाने उपचारही करता येतो (फोटोडायनॅमिक उपचार). त्यात आधी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे औषध देतात. बिघडलेल्या पेशींत त्यापासून प्रोटोपोर्फिरिन अधिक साठते आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशात लाल चमकते. त्यावर सुमारे ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला की तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन त्या पेशी मारतो. अलीगढमध्ये स्मार्टफोनचा कॅमेरा आणि स्वस्त एलईडी वापरून असे उपचार झाले आहेत. परिणाम काही मिलिमीटर खोलीपर्यंतच होतो, म्हणून पातळ, सुरुवातीच्या गाठींनाच तो लागू. व्रण कमी राहतो, ही आधीच आखडलेल्या तोंडासाठी मोठी सोय. औषध पोटात घेतल्यास मात्र एक-दोन दिवस ऊन टाळावे लागते. नागपूरच्या मे महिन्यात रुग्णाला घरी पाठवण्याची वेळही त्याप्रमाणे ठरवावी लागेल.