हिच पिन : ताकद आणि झीज

हिच पिन म्हणजे ओढणारी गाडी आणि मागचा ट्रेलर यांना जोडणारी आडवी किंवा उभी पोलादी पिन, जिच्या टोकाला क्लिप लावतात. २ इंची चौकोनी रिसीव्हरला (गाडीच्या मागे बसवलेली, जोडणीचा दांडा आत घालायची पोकळ नळी) बहुतेक वेळा ५/८ इंचाची पिन लागते, म्हणजे साधारण १६ मिमी. एवढीशी पिन अख्खा ट्रेलर कशी ओढते असं वाटतं खरं, पण दोन्ही बाजूंना भोकात टेकलेली असल्यामुळे तिला तुटायचं तर एकाच वेळी दोन ठिकाणी कापलं जावं लागतं, याला डबल शिअर म्हणतात. हिशोब करून बघा, १६ मिमीच्या पिनेच्या एका छेदाचं (कापलेल्या गोल तोंडाचं) क्षेत्रफळ साधारण २०१ चौ. मिमी, दोन मिळून ४०२, आणि ८.८ ग्रेडचं, म्हणजे मजबूत बोल्टांना वापरतात ते स्टील धरलं तर कापायला १९ टनांच्या आसपास जोर लागतो. फक्त तिच्या जागी साधा बोल्ट टाकला आणि त्याचे आटे नेमके कापाच्या जागी आले तर तिथला छेद १५७ वर येतो, म्हणून तिथे बिनआट्याचा गुळगुळीत भागच हवा.

मग पिना जातात कशाने? ढिलाईने. पिन आणि भोकात फट असली की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला ट्रेलर पुढे-मागे आपटतो, पिनेला खाच पडते, भोक लांबट होतं, फट अजून वाढते आणि दणका अजून जोरात बसतो. व्यास १० टक्के झिजला की कापाविरुद्धची ताकद १९ टक्के कमी होते, आणि वाकण्याविरुद्धची तर २७ टक्के, आणि फट असलेली पिन वाकतेच. त्यात गंजाचे खड्डे, तिथूनच बारीक तडा सुरू होतो आणि रोजच्या हिसक्यांनी आत सरकत राहतो, बाहेरून काही दिसत नाही. ग्रीसने घासणं कमी होतं पण त्यात धूळ बसली की तेच पॉलिश पेपरसारखं काम करतं, त्यामुळे जुनं पुसूनच नवं लावायचं.

तपासताना पिन पूर्ण बाहेर काढा, नुसतं वरून बघून कळत नाही, कारण झीज भोकाच्या आत लपलेली असते. नखाला खाच लागली, पिन सपाट जागेवर सरळ घरंगळली नाही किंवा तडा दिसला तर बदलाच, वेल्डिंग करून भरू नका, कारण त्या उष्णतेने स्टीलचं हार्डनिंग जातं. मोठ्या सेमी-ट्रेलरच्या किंग पिनला (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची, ओढणाऱ्या ट्रकला अडकणारी जाड उभी पिन) तर मापच ठरलेलं असतं, २ इंची म्हणजे ५०.८ मिमीची पिन ४९ मिमीवर आली की बाद. आणि भोक लांबट झालं असेल तर नुसती नवी पिन घालून उपयोग नाही, तीही तशीच आपटत झिजणार.