टायपोतून झालेले शब्द

टाइप करताना झालेली चूक लोकांनी मुद्दाम परत परत वापरली आणि तिला स्वतःचा अर्थ आला, की तो टायपोतून झालेला शब्द. नुसत्या चुका तर रोज ढिगाने होतात, त्यातली जी सगळ्यांकडून सारखीच होते ती जास्त टिकते, आणि सारखी होते कारण कीबोर्ड सगळ्यांचा सारखाच.

नेहमीच्या इंग्रजी, म्हणजे क्वर्टी कीबोर्डवर ओ आणि पी शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे गेममध्ये समोरच्याला धुतलं की घाईत 'ओन' (own, म्हणजे हरवणं) लिहिताना 'पोन' (pwn) झालं आणि तेच चिकटलं. उद्गारचिन्ह शिफ्ट धरून एकच्या बटणावर येतं, जोशात शिफ्टवरचं बोट सुटलं की चिन्हांच्या रांगेत मधेच १ दिसतो, मग तो १ सुद्धा लोक हौसेने टाकायला लागले. जुन्या बटणांच्या मोबाईलमध्ये एकेका बटणावर तीन-चार अक्षरं असायची आणि शब्द फोन ओळखायचा, त्यात २६६५ दाबलं की 'कूल'च्या ऐवजी 'बुक' यायचं, तर इंग्लंडमधली पोरं भारी गोष्टीला 'बुक'च म्हणायला लागली, इथे तर चूक माणसाची नव्हतीच, फोनमधल्या डिक्शनरीची होती.

'होडल'ची (hodl, म्हणजे न विकता धरून बसणं) तर तारीखच माहितीये, १८ डिसेंबर २०१३. बिटकॉइनचा भाव पडत होता, एकाला लिहायचं होतं की मी विकत नाही, धरून बसलोय, आणि 'होल्ड'ची अक्षरं उलटसुलट झाली. त्या अक्षरांचा 'जीव मुठीत धरून बसा' असा फुलफॉर्म सांगतात तो मागाहून जोडलेला आहे.

मराठीत कारण थोडं वेगळं. रोमन अक्षरांतून देवनागरी टाइप करायच्या बऱ्याच पद्धतींत लहान एलला ल आणि कॅपिटल एलला ळ येतो, म्हणजे परत शिफ्टच, आणि शिफ्ट राहिली की मिसळची मिसल होते. नाशकात मिसळीवरून दिवसभर मेसेज चालू असतात तेव्हा ही चूक होणारच. आमच्या कॉलेज रोडच्या ग्रुपवर आता 'मिसल' म्हणजे रविवारी सकाळी सगळ्यांनी भेटायचं, मग खायला पोहे का असेनात, आणि खरी मिसळ खायची असेल तर नीट ळ काढतात. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे देवनागरीत चूकसुद्धा सरळ वाचता येते, त्यामुळे ती तोंडात लगेच बसते, सातपूरचा मित्र हल्ली फोनवरसुद्धा "उद्या मिसल आहे ना रे" असंच विचारतो.