बेली की बेडरॉक? आधी पातं काढा, मग किंमत बोला

दर महिन्याला दोन-तीन जण तरी मला जुन्या रंध्याचा फोटो पाठवतात. खाली ओळ ठरलेली: "ओरिजिनल बेडरॉक, इंग्रजांच्या काळातला, किती येतील?" बेली आणि बेडरॉक ही स्टॅनले कंपनीच्या लोखंडी रंध्यांची दोन मॉडेलं, पहिलं साधं, दुसरं दुर्मीळ. फोटोत साधा चार नंबरचा बेली असतो, त्यावर कुणीतरी गेट रंगवायचा चंदेरी रंग फासलेला. आता एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

पहिलं म्हणजे "इंग्रजांच्या काळातला" म्हणून रंधा इंग्रजी, हे सोडा. स्टॅनले ही अमेरिकन कंपनी, कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनची. गावाच्या नावात ब्रिटन आहे, तेवढाच संबंध. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने शेफिल्डलाही कारखाना घेतला आणि आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत सापडणारे पुष्कळ रंधे तिथलेच. अंगावर "मेड इन इंग्लंड" ओतलेलं असेल तर तो बेडरॉक नाही. बेडरॉक अमेरिकेतच बनला. अर्धे फोटो इथेच निकालात निघतात.

बेली तुम्हाला माहीत आहे. लोखंडी बूड, मागे मूठ, पुढे गोल मुठी, पितळी चाक फिरवलं की पातं खालीवर, आडवी पट्टी हलवली की पातं तिरकं-सरळ. लिओनार्ड बेलीची ही रचना स्टॅनलेने १८६९ मध्ये घेतली आणि आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा नवा रंधासुद्धा मुळात तोच आहे. बेडरॉक १८९८ च्या सुमारास आला, बेलीपेक्षा महाग विकला गेला आणि १९४० च्या दशकात बंद पडला. कमी बनला म्हणून आज महाग. बेलीचे नंबर ३, ४, ५, तसे बेडरॉकचे ६०३, ६०४, ६०५. मापं तीच: पाच काय आणि सहाशे पाच काय, लांबी चौदा इंच, पातं दोन इंच. वजनावरून, रंगावरून, मुठीच्या लाकडावरून फरक ओळखतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

खरा फरक फ्रॉगमध्ये आहे. पातं ज्या उतरत्या लोखंडी ठोकळ्यावर टेकलेलं असतं, तो फ्रॉग. रंधा वरून कितीही न्याहाळा, हा फरक दिसत नाही, कारण तो फ्रॉगच्या खाली असतो. म्हणून लिव्हर कॅप (पातं वरून दाबून धरणारी लोखंडी टोपी) उचला, पातं बाजूला ठेवा. बेलीत आणि १९११ च्या आधीच्या बेडरॉकमध्ये आत दोन स्क्रू दिसतील; नंतरच्या बेडरॉकचे स्क्रू मागून, पितळी चाकाखाली असतात. ते सोडवून फ्रॉग हातात घ्या आणि तो जिथे बसला होता ती जागा बघा. बेलीत घासून सपाट केलेले थोडेसे उंचवटे दिसतात. मधला भाग खडबडीत, काळ्या रंगाचा, जसा ओतला तसाच. फ्रॉग त्या उंचवट्यांवरच टेकतो. बेडरॉकमध्ये उंचवटे नाहीत. बुडातून एक अख्खा उतार वर आलेला असतो, सबंध रुंदीभर घासून गुळगुळीत केलेला, आणि फ्रॉगची पाठही तशीच. एक पृष्ठभाग दुसऱ्यावर पूर्ण बसतो. म्हणूनच नाव बेडरॉक: खालचा कातळ. स्टॅनलेतल्या जस्टस ट्रॉटने यासाठी १८९५ मध्ये पेटंट घेतलं होतं.

याचा एक परिणाम वापरताना लगेच कळतो. रंध्याचं तोंड, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं ती बुडातली फट, बारीक करायला फ्रॉग पुढे घ्यावा लागतो. बेलीत तो आडवा, जमिनीला समांतर सरकतो. बेडरॉकमध्ये तो उतारावरून घसरतो, म्हणजे पुढे जाताना पातंही खाली उतरतं आणि एकाएकी जाड छिलका निघायला लागतो. पितळी चाक उलटं फिरवून पातं वर घ्यावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही तो "पातं बसत नाही" म्हणून रंधा बाजूला टाकतो.

आता जिथे जाणकारही फसतात ते. १९११ पासून बेडरॉकच्या दोन्ही बाजूंच्या भिंती वरून सपाट कापलेल्या असतात. बेलीच्या भिंती गोल कमानीसारख्या. त्यामुळे "सपाट खांदे म्हणजे बेडरॉक" हे सगळ्यांनी पाठ केलंय. पण १९११ च्या आधीच्या बेडरॉकचे खांदेही गोलच असतात! लांबून तो हुबेहूब बेली दिसतो. उलट आजकालच्या काही नव्या रंध्यांनी सपाट खांदे उचललेत, म्हणून ते जुने होत नाहीत. १९११ नंतरचा असेल तर मागून एक खूण दिसते: पितळी चाकाखाली तीन स्क्रू. बाजूचे दोन ढिले करायचे, मधला फिरवायचा, की पातं न काढता फ्रॉग सरकतो. बेलीला तिथे एकच स्क्रू असतो आणि १९०७ च्या आधीच्या बेलीला तोही नाही.

लिव्हर कॅपवर "बेडरॉक" लिहिलंय म्हणून रंधा बेडरॉक, हे माझ्याच अंगाशी आलंय. शनिवारच्या जुन्या बाजारात एकाने कापडात गुंडाळलेला रंधा दाखवला. कॅपवर अक्षरं ठसठशीत, पात्यावर छोटं हृदय आणि त्यात एस डब्ल्यू, म्हणजे स्टॅनले वर्क्स. हा छाप साधारण १९२० ते १९३५ मधला, कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून आलेला. मी हुरळलो, घासाघीस न करता पैसे मोजले. घरी रॉकेलमध्ये बुडवून स्क्रू सोडवले, तर खाली उंचवटे आणि काळा रंग. बूड बेलीचं, कॅप दुसऱ्याची, पातं तिसऱ्याचं. कॅप आणि पातं दोन मिनिटांत बदलतात. बूड बदलत नाही. ६०४, ६०५ असा नंबर बुडावरच ओतलेला दिसला तर वाद संपला, पण वर रंगाचे दोन हात चढलेले असले की तो दिसणार कसा?

पेटंटच्या तारखांचंही तसंच. फ्रॉगच्या मागे "मार्च २५, ०२" दिसलं की लोक लिहितात, "१९०२ चा रंधा". ती पेटंटची तारीख आहे, रंधा ओतल्याची नाही. तिथे तीन तारखा असतील आणि शेवटची १९१० ची असेल, तर तो बेली साधारण १९१० ते १९१८ मधला. १९०२ शक्यच नाही.

किमतीचं थोडक्यात. तोंडाजवळ तडा असेल किंवा वेल्डिंग केलेलं असेल तर तो संग्रहातून बाद, नाव काहीही असो. मूळचा काळा रंग जितका शिल्लक तितकं बरं, म्हणून कृपा करून पॉलिश पेपर मारून चमकवून आणू नका. ती चमक किंमत खाते. पातं घासून घासून आखूड झालंय का ते बघा. नागपूरच्या मे महिन्यात शिसमाची मूठ सुकते आणि सळईवर डुगडुगायला लागते. तो दोष नाही, नट अर्धा फेरा आवळला की झालं. चिरलेली मूठ मात्र पैसे कमी करते.

आणि मला विचाराल तर कामासाठी बेलीच घ्या. धार नीट लावलेला बेली आणि बेडरॉक यांच्या छिलक्यात मला डोळे मिटून फरक सांगता येणार नाही. जास्तीचे पैसे दुर्मीळपणाचे आहेत.

हे सगळं ठाऊक असूनही एक हातचा गेला. त्याच बाजारात गोल खांद्यांचा, गंजलेला, पाच नंबरच्या मापाचा रंधा मी उचलला होता. खांदे गोल दिसले, खाली ठेवून दिला. महिनाभराने नागपूरच्या लकडगंजात एका मिस्त्रीकडे सागाची फळी घ्यायला गेलो, तर तोच रंधा त्यांच्या बाकावर. गंज निघाला होता आणि बुडावर ६०५ स्पष्ट वाचता येत होतं. त्यांच्या परवानगीने फ्रॉग उघडला. खाली अख्खा उतार, आरशासारखा.

"मिस्त्री, विकता का?"

"नाही ना भाऊ. सागावर मस्त चालते हा. तुम्ही फळी किती फुटाची म्हणले?"