आठ हॉर्सपॉवरचा हिशेब: जुन्या ब्रिटिश गाड्या अशा का?

सांगली-मिरजेकडच्या गॅरेजात जुनी मॉरिस उघडली की दोन गोष्टी खटकतात: उंच, अरुंद इंजिन आणि कुठल्याच ओळखीच्या मापात न बसणारे बोल्ट. दोन्हींची कारणं शंभर वर्षांमागची आहेत. ती ठाऊक नसली की दुरुस्तीतच गाडीचं नुकसान होतं.

1921 पासून ब्रिटनमध्ये मोटारीला दर हॉर्सपॉवरमागे वर्षाला एक पौंड कर पडे. ही हॉर्सपॉवर कागदावरची. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येनं गुणायचा आणि 2.5 नं भागायचा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, हिशेबातच नव्हता, म्हणून कारखान्यांनी बोअर आवळला आणि स्ट्रोक लांबवला. मॉरिस एटचा बोअर 57 मिमी, स्ट्रोक 90 मिमी, म्हणजे 918 सीसी; सूत्रानं उत्तर येतं आठ. गाडीचं नावच करावरून पडलं. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत गेली, तरी 1948 साली आलेल्या मॉरिस मायनरला इंजिन हेच होतं.

लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांत ओढ चांगली मिळते, पण फेरे चढवले की पिस्टनचा वेग बेसुमार वाढतो आणि बिग-एंड बेअरिंगं (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली) जातात. मॉरिस एटला पाण्याचा पंपही नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, तेवढंच अभिसरण. कूपनलिकेचं जड पाणी वापरलं तर वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, क्षार बसतात आणि खंबाटकी घाटात पाणी उकळतं. पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच भरावं.

बोल्टांची गोष्ट याहून विलक्षण. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा इंजिन कारखाना मॉरिसनं 1923 मध्ये घेतला. यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी, तर मेकॅनिकांच्या हाती व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, पाने. तडजोड अशी झाली: आटे मेट्रिक, डोकं व्हिटवर्थ मापाचं. त्यातही 8 मिमी बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.0 मिमी, आपल्या बाजारात मिळतो तो 1.25 चा. असा बोल्ट एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथं पाना लावून जोर केला की ब्लॉकमधले आटे गेलेच. बोल्ट बोटांनी चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर थ्रेड गेज लावा आणि लेथवाल्याकडून 8 × 1.0 करून घ्या. या भागात चांगले टर्नर मिळतात, ही मोठीच सोय.

ट्रायम्फ हेरल्डचा सांगाडाही असाच परिस्थितीतून आला. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो 1953 मध्ये बीएमसीनं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या प्रतिस्पर्धी कंपनीनं, विकत घेतली. एकसंध बॉडी दाबून द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून 1959 ची हेरल्ड वेगळ्या चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर), बोल्टांनी जोडलेल्या तुकड्यांची बनली. पुढे मद्रासला ती स्टँडर्ड हेरल्ड म्हणून तयार झाली. चार दारांची हेरल्ड तर फक्त भारतातलीच. पॅनेल सुटे होतात, त्यामुळे रिस्टोरेशनला ती सोपी. मात्र 2019 किंवा 2021 च्या पुरात उभी राहिलेली असेल तर चासीच्या आउटरिगरमध्ये (बाजूला निघालेल्या आधाराच्या पोकळ हातांमध्ये) गाळ राहून पत्रा आतून कुजतो. रंग बघू नका, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा.

हेरल्डच्या पुढच्या चाकाच्या ट्रनियनमध्ये (चाक वळताना फिरणाऱ्या खालच्या आटेदार सांध्यात) ग्रीस मारण्याची सवय इथं सर्रास आहे. तिथं ईपी 90 गिअर ऑइलच हवं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी मुरतं, व्हर्टिकल लिंकचे (त्यात बसणाऱ्या, चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचे) आटे गंजतात आणि एक दिवस ती तुटून चाक आडवं होतं. ग्रीस गनमध्येच ऑइल भरून वरून थेंब बाहेर येईपर्यंत मारावं.