रोहित्राची स्वीकृती चाचणी

मोठे विद्युत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) ताब्यात घेण्याआधी ग्राहक ते दोनदा तपासतो. उत्पादकाच्या कारखान्यातली पहिली तपासणी म्हणजे फॅक्टरी अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट, एफएटी. उपकेंद्रात पायावर बसवल्यावर होणारी दुसरी म्हणजे साइट अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट, एसएटी. उपकेंद्रातले लोक तिला बहुधा ‘प्री-कमिशनिंग’च म्हणतात. कारखान्यात रोहित्राला मुद्दाम ताण देऊन पाहतात. साइटवर तेवढी साधने नसतात. तिथे प्रश्न एवढाच, की निघालेले रोहित्र जसेच्या तसे पोचले का?

उत्पादकाचा इन्स्पेक्शन कॉल (तपासणीचे बोलावणे) आला की ग्राहकाचा अभियंता कारखान्यातल्या चाचणीच्या जागी, टेस्ट बेडवर, हजर होतो. आंतरराष्ट्रीय आयईसी ६००७६ आणि भारतात आयएस २०२६ या मानकांनुसार तारेच्या गुंडाळ्यांचा रोध, व्होल्टेज गुणोत्तर, व्हेक्टर ग्रुप (गुंडाळ्यांच्या जोडणीचा प्रकार), इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध), तोटे (रोहित्रातच वाया जाणारी वीज) या रुटीन चाचण्या प्रत्येक नगावर होतात. प्रेरित व्होल्टेज चाचणीत दुप्पट व्होल्टेज देतात. ते नेहमीच्या ५० हर्ट्झला दिले तर लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होईल, म्हणून फ्रिक्वेन्सीही वाढवतात; १०० हर्ट्झला ६० सेकंद.

सगळ्यांचे लक्ष असते इम्पल्स चाचणीकडे. विजेच्या आघाताची ही नक्कल: १.२ मायक्रोसेकंदात शिखर, ५० मायक्रोसेकंदात निम्मे. १३२ केव्ही (किलोव्होल्ट) गुंडाळीसाठी शिखर सहसा ६५० केव्ही. आधी कमी व्होल्टेजचा आघात, मग पूर्ण. प्रमाण जुळवून दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले की रेषा चपखल बसल्या पाहिजेत. शेपटीकडे जराशी फारकत दिसली तरी बेडवर एकदम शांतता पसरते.

वादावादी मात्र होते ती तोट्यांवर. रोहित्र चार्ज (वीजपुरवठ्याला जोडलेले) असेपर्यंत, भार असो वा नसो, गाभ्यातला तोटा रात्रंदिवस चालू राहतो, आणि हे यंत्र कित्येक दशके वापरायचे असते. आयईसी एकूण तोट्यांत १० टक्के सूट देते. आपल्याकडच्या निविदांत ती अनेकदा नाकारलेली असते. त्यामुळे मापन यंत्राचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आधी मागावे.

प्रवासासाठी बुशिंग (तारा बाहेर काढणारे इन्सुलेटर), रेडिएटर, कॉन्झर्व्हेटर (वरची तेलाची छोटी टाकी) सुटे करतात. मोठ्या रोहित्राचे तेल काढून टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन किंचित दाबाने भरतात आणि धक्के नोंदवणारा रेकॉर्डर बसवतात. ट्रेलर आला की उतरवण्याआधी वायूचा दाब पाहायचा. काटा शून्यावर असेल तर आत दमट हवा शिरली, असे धरून चालावे. गाभा-गुंडाळ्या सरकल्या का, हे एसएफआरए चाचणी सांगते: वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे हलके संकेत सोडून मिळालेला आलेख कारखान्यातल्या आलेखाशी ताडायचा. टॅप (व्होल्टेज कमीजास्त करण्याचा टप्पा) वेगळा असेल किंवा एकदा तेल भरलेले आणि एकदा रिकामे असेल, तर काहीही न हलता आलेख बदलतो. अशा खोट्या घबराटीत दिवस वाया जातात.

इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मेगरचेही तसेच. तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचा रोध ढोबळमानाने निम्मा होतो. चंद्रपूरच्या मे महिन्यातला आकडा कारखान्यातल्यापेक्षा कमी येणारच. दोन्ही एकाच तापमानाला आणल्याशिवाय तुलना करू नये. तेल किती व्होल्टेजला फुटते (त्यातून ठिणगी जाते) हे पाहणाऱ्या बीडीव्ही चाचणीत २.५ मिलिमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रोडांमध्ये सहा वेळा तेल फोडून सरासरी घेतात. पावसाळ्यात नमुन्याची बाटली ओलसर राहिली, तर चांगले तेलही नापास होते. मग तेल गाळून कोरडे करणारे फिल्टर मशीन पुन्हा चालू.

गॅस्केटची गळती, राहिलेला रंग, उलटी लावलेली नावपट्टी असल्या गोष्टी पंच लिस्टमध्ये, म्हणजे नंतर दुरुस्त करायच्या कामांच्या यादीत, जातात. आतला बिघाड ओळखणारा बुखोल्झ रिले दाबून ब्रेकर खरोखर ट्रिप होतो (वीज तोडतो) का, हे मात्र त्याच दिवशी पाहतात; ते पुढे ढकलत नाहीत. ग्राहक स्वतः एखादा कारखाना असेल, तर त्याच्या उच्चदाब उपकेंद्राला विद्युत निरीक्षकाची परवानगीही लागते. त्यानंतर रोहित्र चार्ज करून, सहसा २४ तास भाराविना ठेवून, त्याचा गुणगुणाट ऐकतात आणि तेलात विरघळलेले वायू तपासण्यासाठी नमुना काढतात. पुढच्या प्रत्येक नमुन्याची तुलना याच्याशी होते.