मे महिना कुठे गेला?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नागपूरच्या अंबाझरी तलावाला फेरी मारून आम्ही तर्री पोह्याच्या गाडीशी थांबलो होतो. पहिल्याच घासाला मी बायकोला म्हणालो, "यंदा फिरणं बाकी नियमित झालं. पुढच्या वर्षी रोज दहा हजार पावलं, नक्की." ती म्हणाली, "फोनमध्ये बघा तरी."

बघितलं. पावलांच्या आलेखात नोव्हेंबर-डिसेंबरचे खांब ताठ उभे, जानेवारी-फेब्रुवारी बरे. एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत मात्र जवळपास सपाट मैदान. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, सकाळी सातलाच ऊन चटके देतं, तेव्हा फिरणं बंद पडलं यात नवल नाही. नवल याचं वाटलं की ते अडीच महिने माझ्या डोक्यातून साफ पुसले गेले होते. मी थाप मारत नव्हतो. मला खरंच तसं आठवत होतं.

आठवण हिशेबाच्या वहीसारखी रोजची नोंद ठेवत नाही. ती एखाद-दुसरा ठळक क्षण आणि शेवट धरून ठेवते, मधला काळ किती लांब होता याची फारशी फिकीर करत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे फार साध्या प्रयोगातून दाखवलं. माणसांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितला. डिसेंबरात पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतलेल्यांना त्याची कल्पना येईल. मिनिटभरात हात ठणकू लागतो. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद. या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. म्हणजे ठणका होताच, जरासा कमी. मग विचारलं, यातलं एक पुन्हा करायचं आहे, कोणतं करता? ३२ पैकी २२ जणांनी लांबलचक खेप निवडली. अर्ध्या मिनिटाचा जास्तीचा त्रास त्यांनी स्वतःहून मागून घेतला, कारण तिचा शेवट सुसह्य होता.

वर्षाचंही असंच होतं. आपल्याकडे ते हुरडा, संत्री आणि गुलाबी थंडीत संपतं, त्यामुळे सगळं वर्षच बरं गेल्यासारखं वाटतं. तेच वर्ष मेअखेर संपत असतं, तर मी स्वतःला आळशी ठरवून मोकळा झालो असतो.

आठवणीची दुसरी खोड म्हणजे "मला वाटलंच होतं." १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर गेले, त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याचे अंदाज लिहून घेतले. दौऱ्यांनंतर त्यांना स्वतःचेच अंदाज आठवायला लावले. जे घडलं, त्याची शक्यता आपण जास्त धरली होती, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. त्यानंतर "हे होणारच होतं" असं म्हणणारे मला गल्लोगल्ली भेटले. मीही त्यातलाच. आदल्या संध्याकाळी आम्ही गाड्या मात्र खालीच लावल्या होत्या.

आता संकल्पांकडे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिघडत गेलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. वाईटात वाईट धरलेला अंदाजही तोकडा पडला!

यांच्याच पुढच्या प्रयोगांतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. "मागे अशी कामं कधी संपली होती, आठवा" एवढं सांगून अंदाज सुधारले नाहीत. मागचा अनुभव आणि आत्ताचं काम यांची सांगड घालून, मग तारीख सांगायला लावली, तेव्हा सुधारले. एरवी माणूस मागच्या वेळचं अपयश "तेव्हा पाहुणे आले होते" म्हणून बाजूला सारतो. पाहुणे यंदाही येणारच आहेत. दुसऱ्याच्या कामाबद्दल मात्र आपण इतके भाबडे नसतो, त्यामुळे आपलं वेळापत्रक घरातल्याच कोणाकडून तपासून घेतलेलं बरं.

नव्या वर्षाच्या उत्साहाला उगाच नावं ठेवू नयेत. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांना २०१४ च्या अभ्यासात आठवडा, महिना, वर्ष सुरू होताना लोक जिमकडे जास्त वळताना दिसले. त्यांच्या मते, अशा तारखा जुन्या चुका "मागच्या मी"च्या नावावर टाकून देतात. पाटी कोरी होते म्हणून हुरूप येतो. पण मागचा मे महिनाही त्याच पाटीवर होता.

काटोलकडे माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, आणि पुन्हा पाणी दिलं की फुलं येतात. हलक्या जमिनीत ताणाचे दिवस कमी, भारी काळ्या जमिनीत जास्त. मामा मोटार बंद करण्याआधी बांधावर बसून एक तेलकट डागांची वही उघडतात. कोणत्या तारखेला पाणी तोडलं, कधी सोडलं, मध्येच अवकाळी कधी आला, सगळं त्यात. यंदा मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी मागच्या साली लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पा, पाऊस आला न् ताणच बसला नाही झाडाले. म्या मात्र सांगत फिरलो का खत कमी पडलं."

मग त्यांनी खाली नवी तारीख टाकली आणि मोटारीची कळ दाबायला उठले. मी फोन काढला. एप्रिल ते जूनच्या खान्यात दहा हजार खोडून "संध्याकाळी, जेवणानंतर, गच्चीवर, वीस मिनिटं" लिहिलं, आणि बायकोला पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं, "पंधरा लिहा."